'थुंकी' की 'बेडका'? दवाखान्यातले ओळखीचे शब्द आणि रुग्णाने घेतलेला अर्थ

मूळ प्रश्न

क्षयरोगाच्या तपासणीसाठी जो नमुना मागितला जातो, त्याला आपल्याकडील पत्रकांत आणि फलकांवर सर्रास 'थुंकी' म्हटलेले असते. बोलीत मात्र थुंकी म्हणजे तोंडातली लाळ. छातीतून खोकून, खाकरून वर आणलेला घट्ट पदार्थ म्हणजे बेडका. प्रयोगशाळेला हवा असतो बेडका, आणि डबीत पुष्कळदा येते ती पातळ, फेसाळ लाळ. छापील मजकुरात 'बेडका' हा शब्द का टाळला जात असावा? तो ग्राम्य वाटतो म्हणून, की दुसरे काही कारण आहे? अशा प्रकारे चुकीच्या अर्थाने पोहोचणारे दवाखान्यातले आणखी शब्द आपल्या पाहण्यात असतील, तर तेही कृपया नोंदवावेत.

प्रतिसाद 1

ग्राम्यतेची भीती हेच कारण असावे, असे मलाही वाटते. 'बेडका' लिहिताना हात अडखळतो खरा. परंतु प्रश्न केवळ शब्दाच्या निवडीने सुटणारा नाही. पाकिस्तानातील रावळपिंडीच्या एका क्षयरोग केंद्रात झालेली चाचणी 2007 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. नमुना देण्यापूर्वी लाळ आणि बेडका यांतला फरक व बेडका काढण्याची रीत ज्या स्त्रियांना समजावून सांगितली, त्यांच्यापैकी सुमारे 13 टक्के स्त्रियांच्या नमुन्यात जंतू आढळले. ज्यांना काहीच सांगितले नव्हते, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे 8 टक्के होते. पुरुषांमध्ये मात्र समजावल्याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. चारचौघांत मोठ्याने खाकरणे बाईमाणसाला शोभत नाही, ही समजूत आपल्याकडेही आहेच. म्हणून पत्रकात 'बेडका' जरूर छापावा. पण 'खोल श्वास घ्या, छातीतून खोका, आडोसा पाहून बाहेर मोकळ्या हवेत जा' हेही कोणीतरी तोंडाने सांगायला हवे.

प्रतिसाद 2

माझ्या मते या यादीत 'उपाशी' हा शब्द वरचा आहे. रक्तातील साखर तपासण्यासाठी 'उपाशीपोटी या' असे सांगितले, की माणूस सकाळी दूधसाखरेचा चहा घेऊन येतो आणि 'काही खाल्ले नाही' असे अगदी प्रामाणिकपणे सांगतो. चहा हे खाणे नव्हेच; शिवाय उपवासालाही तो चालतो. गावाकडे 'अनशापोटी' म्हटले की चहाही सुटतो, पण काहीजण पाणीसुद्धा घेत नाहीत, आणि या तपासणीला साधे पाणी चालते. त्यामुळे 'रात्रीच्या जेवणानंतर पाण्याशिवाय काहीही नको, चहासुद्धा नको' हे लांबलचक वाक्यच मला अधिक बरे वाटते. भूल द्यायची असेल, तर पाण्याची वेळही वेगळी सांगावी लागते, आणि तिथे 'उपाशी' हा एकटा शब्द अगदीच अपुरा पडतो.

दुसरा शब्द 'दुर्बीण'. 'दुर्बिणीने बघू' यात तपासणीही येते आणि शस्त्रक्रियाही. समीरा कोहली या रुग्णाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली जो निकाल दिला, त्यात वादाचे मूळ याच सीमेवर होते. रुग्णाची संमती प्रामुख्याने दुर्बिणीतून करायच्या तपासणीसाठी होती. भुलेखाली असताना तिच्या आईची परवानगी घेऊन गर्भाशय आणि बीजाशये काढण्यात आली. तपासणीला दिलेली संमती ही उपचाराला दिलेली संमती होत नाही, आणि जिवाला तातडीचा धोका नसताना सज्ञान रुग्णाऐवजी नातेवाइकाने दिलेला होकारही चालत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. मराठी संमतीपत्रांत 'दुर्बिणीद्वारे तपासणी व आवश्यक ते सर्व उपचार' हे शब्द एका दमात छापलेले दिसतात, तेव्हा हा निकाल आठवल्याशिवाय राहत नाही.

प्रतिसाद 3

विदर्भातून लिहीत आहे. आमच्याकडे अडचणीचा शब्द 'वाहक'. सिकलसेलची (आईवडिलांकडून मुलांत येणाऱ्या रक्ताच्या आजाराची) तपासणी झाली, की कोणी 'रुग्ण' ठरतो, कोणी 'वाहक', म्हणजे स्वतः सहसा आजारी नसलेला, पण तो दोष मुलांना देऊ शकणारा. एसटीचा वाहक सर्वांना ठाऊक. रोगाचा वाहक म्हटले, की हा माणूस दुसऱ्याला रोग देतो, असा अर्थ शेजारी लावतात आणि मग मुलीचे लग्न अडते. प्रत्यक्षात हा आजार संसर्गाचा नव्हेच. गोंडी, माडिया किंवा कोरकू घरी बोलणाऱ्या माणसासाठी तर मराठी हीच दुसरी भाषा, त्यामुळे शब्दाच्या छटा त्याच्यापर्यंत पोहोचतील हे गृहीत धरता येत नाही.

याहून अवघड आहे ते 'चारपैकी एक'. आईवडील दोघेही वाहक असतील, तर मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक, असे सांगितले जाते. पहिले मूल आजारी निघाले, की आता पुढची तीन सुखरूप, असा हिशेब घरात मांडला जातो. ही शक्यता प्रत्येक गर्भारपणी नव्याने तेवढीच असते, हे वाक्य स्वतंत्रपणे उच्चारले नाही, तर आकडा बरोबर असूनही उपयोग होत नाही.

प्रतिसाद 4

इथे थोडा मतभेद नोंदवतो. 'वाहक'ऐवजी शुद्ध मराठी पर्याय शोधण्यात मला रस नाही. आरोग्य कर्मचारी वाहकाला 'एएस' आणि रुग्णाला 'एसएस' असेच म्हणतात, आणि ही अक्षरे ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून कोणताही अर्थ नसल्यामुळे त्यांना निदान चुकीचा अर्थ चिकटत नाही. अनोळखी शब्द ऐकला, की माणूस 'म्हणजे काय?' असे विचारण्याची थोडी तरी शक्यता असते. ओळखीचा शब्द ऐकला, की तो विचारतच नाही. तपासणी 'पॉझिटिव्ह' आली म्हणून हायसे वाटणारे लोक याच कारणाने भेटतात.

मूळ प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचे आभार. प्रतिसाद 4 मधील मुद्दा मला पटला, मात्र विचारण्याच्या शक्यतेबद्दल शंका आहे. आपल्याकडे सांगून झाल्यावर 'समजलं ना?' असे विचारतात. या 'ना'ला 'हो' एवढेच उत्तर शिष्टाचाराला धरून असते. वयाने वा शिक्षणाने मोठ्या मानलेल्या माणसासमोर 'नाही' म्हणणे उद्धटपणाचे ठरते. त्यापेक्षा नमुन्याची डबी हातात देताना 'उद्या सकाळी यात काय आणि कसे आणणार, ते मला सांगा बरं' असे म्हटले, तर थुंकी आणि बेडका यांतला घोळ तिथल्या तिथे उघडा पडेल. पत्रकाच्या नव्या मसुद्यात मी 'बेडका (खाकरून काढलेला, लाळ नव्हे)' असे सुचवणार आहे.