"नफा आहे तर कर्ज कशाला?" इथे अडकले, नऊ दिवसांनी पुन्हा मुलाखत आहे

खतावणी:
तीन वर्षं अकाउंट्समध्ये आहे. व्हाउचर, बँक जुळवणी, महिनाअखेरचं क्लोजिंग, सगळं करते. मागच्या महिन्यात क्रेडिट अ‍ॅनालिस्टच्या (कर्ज मागणारा ते फेडू शकेल का, हे तपासणाऱ्याच्या) जागेसाठी मुलाखत दिली. करंट रेशो, डेट-इक्विटी, इंटरेस्ट कव्हरेज, सगळी सूत्रं पाठ होती. त्यातलं एकही विचारलं नाही. प्रश्न आला, "कंपनी नफ्यात आहे, मग आमच्याकडे कर्ज मागायला का आलीय?" मी म्हटलं, "विस्तारासाठी." ते म्हणाले, "विस्तार नाहीये. आता?" पुढे मला शब्दच फुटेना. घरी येऊन खूप रडले. आता दुसरीकडून बोलावणं आलंय, नऊ दिवस आहेत. सुरुवात कुठून करू?

जुनी_वही:
ताई, मी बावीस वर्षं कर्ज विभागात काढली, मुलाखतीही बऱ्याच घेतल्या. हा प्रश्न मीसुद्धा विचारायचो. सूत्रं बाजूला ठेवा आणि हे आकडे कागदावर मांडा.

विक्री १०० वरून १३० झाली, नफा ८ वरून ११. पण येणी, म्हणजे गिऱ्हाइकांकडे राहिलेली उधारी, २० वरून ४२ झाली, मालाचा साठा १५ वरून २१, आणि देणी, म्हणजे माल पुरवणाऱ्यांचे द्यायचे पैसे, १२ वरून १४. घसारा, म्हणजे यंत्रांच्या झिजेपोटी नफ्यातून वजा केलेली रक्कम, ३. आता रोख मोजा. ११ अधिक ३ म्हणजे १४. येण्यांत २२ अडकले, साठ्यात ६, माल पुरवणारे २ साठी थांबले, तेवढे हातात राहिले. धंद्यातून रोख आली उणे १२. नफा वाढला आणि तिजोरी रिकामी झाली. कर्ज त्यासाठी.

मग विचारायचं की येणी का फुगली. आधी वसुलीला ७३ दिवस लागत होते, आता ११८. गिऱ्हाईक थकलंय, की विक्री दाखवायला माल उधारीवर ढकललाय? इथपर्यंत उमेदवार स्वतःहून आला की मी पेन खाली ठेवायचो. तुम्ही रोज व्हाउचर हाताळता, उधारी कुठे अडकते हे तुम्हाला पुस्तकी उमेदवारापेक्षा जास्त ठाऊक आहे. नऊ दिवसांत एकाच कंपनीचा वार्षिक अहवाल घ्या, टिपांसकट वाचा. दहा अहवाल चाळू नका.

व्याजदर_वाचक:
मुलाखत बँकेत असेल तर सिलिकॉन व्हॅली बँक मार्च २०२३ मध्ये का कोसळली ते वाचून जा. व्याजदर वाढले, हातातल्या जुन्या रोख्यांची किंमत पडली, आणि ठेवीदार पैसे काढू लागल्यावर तेच रोखे तोट्यात विकावे लागले. तुमच्या प्रश्नाशी नातं आहेच: ऐन वेळी हातात रोख किती?

खतावणी:
काका, आकडे मांडले आणि त्या दिवशी काय विचारत होते ते आत्ता कळलं. आणखी एक. घसारा १० ने वाढला, कर २५ टक्के, तर तिन्ही पत्रकांवर (नफा-तोटा, रोख प्रवाह, ताळेबंद) परिणाम सांगा, हा प्रश्न नेहमी येतो म्हणे. कागदावर सुटतो. मोठ्याने बोलताना ताळेबंदापाशी अडखळते. रोख २.५ ने वाढते, मग मालमत्तेची बेरीज घटते कशी?

जुनी_वही:
कारण यंत्रं १० ने उतरली. क्रमाने बोला. करपूर्व नफा १० ने कमी, कर २.५ ने कमी, निव्वळ नफा ७.५ ने कमी. घसाऱ्यापोटी कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत, म्हणून रोख प्रवाहात १० परत मिळवायचे, रोख २.५ ने वर. ताळेबंदात रोख अधिक २.५, यंत्रं उणे १०, बेरीज उणे ७.५. पलीकडे राखीव नफाही उणे ७.५. कराच्या हिशेबातही घसारा तेवढाच धरलाय, हेही म्हणा. ऐकणारा खूश होतो. रोज आवाज काढून बोला, मनातल्या मनात नको. आता घसाऱ्याऐवजी १० चा माल उधारीवर घेतला, तर?

खतावणी:
साठा १० ने वाढला, देणी १० ने वाढली. माल विकेपर्यंत नफा जागच्या जागी, पैसे चुकते करेपर्यंत रोखही. न अडखळता म्हटलं, काका.