वेलँडवर खिडक्या ठरलेल्या जागी बसवणं: एक्स११च्या जुन्या स्क्रिप्टऐवजी काय वापरावं?

दोन_पडदे

लॉगिन झाल्यावर चार खिडक्या ठरावीक जागी बसवणारी एक शेल स्क्रिप्ट आहे. डाव्या मॉनिटरवर एडिटर आणि टर्मिनल, उजव्यावर ब्राउझर आणि लॉग दाखवणारं, क्यूटी (खिडक्या बनवायची लायब्ररी) वापरून लिहिलेलं एक छोटं साधन. एक्स११वर (लिनक्समध्ये पडद्यावर खिडक्या दाखवायची जुनी पद्धत) प्रत्येक प्रोग्रॅम चालू करायचा, दोन सेकंद थांबायचं आणि डब्ल्यूएमसीटीआरएल या खिडक्या हलवणाऱ्या आज्ञेला एक्स, वाय, रुंदी, उंची द्यायची, एवढ्यावर भागत होतं.

वेलँड (एक्स११च्या जागी आलेली नवी पद्धत) सेशनमध्ये तीच स्क्रिप्ट चालवली की:

– खिडक्यांच्या यादीत चारपैकी फक्त एडिटर दिसतो.
– एडिटर हलतो, पण एक्स ९६० सांगितलं की प्लाझ्मा या डेस्कटॉपवर तो ६४०वर जाऊन बसतो. मॉनिटर १५० टक्के स्केलवर आहे.
– क्यूटी साधनाने स्वतःची खिडकी हलवण्यासाठी मूव्ह बोलावलं तरी काहीच घडत नाही. त्रुटीही येत नाही.

एका मशीनवर प्लाझ्मा ६ आहे, दुसऱ्यावर स्वे (खिडक्या फरशांसारख्या शेजारीशेजारी मांडणारा डेस्कटॉप). दोन्हीकडे चालेल असा एकच प्रोटोकॉल आहे का? नसेल तर दोन्हीकडचा योग्य मार्ग कोणता? सगळे प्रोग्रॅम एक्सवेलँडवर (वेलँडमध्ये एक्स११चे प्रोग्रॅम चालवणारा थर) ढकलणं हे उत्तर नको आहे.

मूळखिडकी

तिन्ही लक्षणं एकाच कारणातून आली आहेत, म्हणून आधी ते.

एक्स११मध्ये रूट विंडोखालचं (पडद्यामागच्या मूळ खिडकीखालचं) खिडक्यांचं सगळं झाड कोणत्याही क्लायंटला (खिडकी दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला) वाचता येतं. खिडक्यांची जागा ठरवणारा विंडो मॅनेजर हाही एक क्लायंटच. फक्त त्याने रूटवर ‘सबस्ट्रक्चर रिडायरेक्ट’ (इतर खिडक्यांच्या बदलांच्या मागण्या आपल्याकडे वळवण्याचा हक्क) मागून घेतलेलं असतं. हा हक्क एका वेळी एकालाच मिळतो, दुसऱ्याने मागितला तर ‘बॅडॲक्सेस’ येतो. डब्ल्यूएमसीटीआरएल खिडकी स्वतः सरकवत नाही. ते रूटवरच्या ‘नेट क्लायंट लिस्ट’ या प्रॉपर्टीतून यादी वाचतं आणि ‘नेट मूव्ह-रिसाइझ विंडो’ हा संदेश रूटला पाठवतं. पुढचं काम विंडो मॅनेजर करतो.

वेलँडमध्ये रूट विंडो नाही आणि सगळ्यांना सामाईक असं झाडही नाही. ऑब्जेक्टचे क्रमांक प्रत्येक कनेक्शनपुरते असतात, त्यामुळे दुसऱ्याच्या खिडकीचा उल्लेख करण्याची सोयच क्लायंटकडे नसते. डिस्प्ले सर्व्हर आणि विंडो मॅनेजर ही दोन्ही कामं कंपोझिटर करतो. तुमचा एडिटर एक्सवेलँडवर चालतोय म्हणून तो एकटाच यादीत आला. खात्री करायची तर एक्सएलएसक्लायंट्स ही आज्ञा चालवा. त्यात जे दिसेल तेच एक्सवेलँडवर आहे.

९६०चे ६४० का झाले? प्लाझ्मात जुन्या एक्स११ प्रोग्रॅमांनी स्वतः स्केल करायचं असा पर्याय निवडलेला असला की एक्सवेलँडची मोजपट्टी मोठ्या पिक्सेलांत चालते. ९६० भागिले १.५ म्हणजे ६४०. स्क्रिप्टमध्ये दीडने गुणून हे तात्पुरतं जुळेल, पण स्केल बदललं की पुन्हा बिघडेल. त्या वाटेला जाऊ नका.

आता क्यूटीचं मूव्ह. एक्सडीजी-शेल या वेलँडच्या प्रोटोकॉलमधल्या टॉपलेव्हलला (मुख्य खिडकीला) ज्या विनंत्या करता येतात त्यात शीर्षक, ॲप-आयडी (प्रोग्रॅमची ओळख), किमान आणि कमाल आकार, मॅक्सिमाइझ, मिनिमाइझ, फुलस्क्रीन हे सगळं आहे. ‘मला अमुक ठिकाणी ठेव’ अशी विनंती मात्र नाही. ‘मूव्ह’ नावाची एक विनंती दिसेल, पण ती माउसने ओढणं सुरू करण्यासाठी असते आणि तिला खऱ्या क्लिकचा सीरियल क्रमांक लागतो. क्लायंटला आपण पडद्यावर कुठे आहोत हेही कळत नाही. जीटीके ४ या क्यूटीसारख्याच लायब्ररीतून खिडकी हलवण्याचं फंक्शन काढून टाकलं गेलं ते याचमुळे. क्लायंटने मॉनिटर सुचवायचा एकच रस्ता आहे: फुलस्क्रीन मागताना सोबत आउटपुट (म्हणजे मॉनिटर) देणं.

आकाराच्या बाबतीत वाटाघाट चालते. कंपोझिटर ‘कॉन्फिगर’मधून रुंदी-उंची पाठवतो, क्लायंट ‘ॲक कॉन्फिगर’ने पोच देतो, नव्या आकाराचा बफर (खिडकीचं चित्र) जोडतो आणि कमिट करतो, म्हणजे बदल लागू करतो. रुंदी-उंची शून्य आली तर आकार क्लायंटनेच ठरवायचा. मॅक्सिमाइझ अवस्थेत दिलेला आकार पाळावाच लागतो; साध्या तरंगत्या खिडकीत क्लायंट त्याहून लहान आकारही देऊ शकतो. ९६० मागून ९५२ मिळाले, तर तो दोष धरू नका.

तात्पर्य, ‘दोन्हीकडे चालणारा एकच प्रोटोकॉल’ नाही. जागा कंपोझिटर ठरवतो, म्हणून सांगायचंही त्यालाच.

प्लाझ्माकर

प्लाझ्मा ६वर चार खिडक्यांसाठी स्क्रिप्टची गरजच नाही, खिडक्यांचे नियम पुरतात. सिस्टिम सेटिंग्जमध्ये विंडो मॅनेजमेंटखाली विंडो रूल्स आहेत. नवा नियम करा, ‘डिटेक्ट विंडो प्रॉपर्टीज’ दाबून खिडकीवर क्लिक करा आणि विंडो क्लास ‘तंतोतंत जुळणारा’ असा निवडा. मग पोझिशन आणि साइझ या दोन प्रॉपर्टी जोडा.

दोन्हींपुढे ‘अप्लाय इनिशिअली’ ठेवा. ‘फोर्स’ ठेवलंत तर नंतर माउसने खिडकी हलणार नाही, आणि खिडकी अडकली असं वाटून लोक भलतीकडे शोध घेत बसतात. आकडे स्केल केल्यानंतरच्या मोजपट्टीत आणि सगळ्या मॉनिटरांना मिळून द्यायचे असतात. डावा मॉनिटर १५० टक्क्यांवर २८८० पिक्सेल रुंद असेल तर त्याची रुंदी १९२०, म्हणजे उजव्या मॉनिटरचा एक्स १९२०पासून सुरू होतो.

नियमाने भागत नसेल, उदाहरणार्थ मॉनिटर जोडलेला आहे की नाही यावर जागा ठरत असेल, तर केविनची (प्लाझ्माच्या कंपोझिटरची) जावास्क्रिप्ट लिहा. वर्कस्पेस ऑब्जेक्टच्या ‘विंडो-ॲडेड’ सिग्नलला फंक्शन जोडायचं, ‘रिसोर्स-क्लास’ तपासायचा आणि ‘फ्रेम-जॉमेट्री’ बदलायची. इथे तीन जागी लोक अडखळतात:

१. फ्रेम-जॉमेट्रीच्या आतला एक्स थेट बदलून परिणाम होत नाही. आख्खा आयत नव्याने तयार करून प्रॉपर्टीला द्यावा लागतो.

२. खिडकी मॅक्सिमाइझ झालेली असेल तर आधी सेट-मॅक्सिमाइझला दोन्ही दिशांसाठी ‘फॉल्स’ द्या.

३. आकार दिल्यावर लगेच पुढच्या ओळीत वाचला तर जुनाच मिळू शकतो, कारण क्लायंटची पोच आणि कमिट अजून यायचं असतं. नवा आकार हवा असेल तर जॉमेट्री बदलल्याचा सिग्नल ऐका.

प्लाझ्मा ५साठी लिहिलेली उदाहरणं जशीच्या तशी चिकटवू नका. तिथे ‘क्लायंट-ॲडेड’ आणि ‘क्लायंट-लिस्ट’ होतं, ६मध्ये ‘विंडो-ॲडेड’ आणि ‘विंडो-लिस्ट’ आहे. शेलमधूनच काम करायचा आग्रह असेल तर केडूटूल पाहा. ते आतून केविनची तात्पुरती स्क्रिप्ट तयार करून डी-बसवरून (प्रोग्रॅमांनी एकमेकांशी बोलायची वाट) चढवतं.

क्यूटी साधनाला मात्र नीट ॲप-आयडी द्या. क्यूजीयूआय-ॲप्लिकेशनचं ‘सेट-डेस्कटॉप-फाइल-नेम’ बोलावलं की तेच नाव ॲप-आयडी म्हणून जातं. ते डेस्कटॉप फाइलच्या नावाशी जुळलं तर टास्कबारवरचं चिन्हही बरोबर येतं.

टाइलवाला

स्वेमध्ये हे आणखी सरळ आहे. आधी स्वेएमएसजीला (स्वेशी बोलायची आज्ञा) ‘गेट-ट्री’ विचारून प्रत्येक खिडकीचा ॲप-आयडी नोंदवा. एक्सवेलँडवरच्या खिडकीचा ॲप-आयडी रिकामा येतो. तिच्यासाठी ‘क्लास’ हा निकष वापरा. नियम लिहूनही काहीच घडत नाही अशा तक्रारींमागे बहुतेक वेळा हेच असतं.

कॉन्फिगमध्ये फॉर-विंडो, चौकोनी कंसात निकष, आणि त्याच ओळीत क्रमाने: फ्लोटिंग इनेबल, रिसाइझ सेट, मूव्ह ॲब्सोल्यूट पोझिशन. या तीन आज्ञांमध्ये स्वल्पविराम द्या. अर्धविराम दिला तर निकष तिथेच संपतो आणि पुढच्या आज्ञा त्या क्षणी फोकसमध्ये असलेल्या खिडकीवर चालतात. शिवाय ‘ॲब्सोल्यूट’ गाळलं तर आकडे त्या वर्कस्पेसपुरते धरले जातात, सगळ्या मॉनिटरांना मिळून नव्हे.

खरं सांगायचं तर स्वेवर पिक्सेल मोजत बसू नये. वर्कस्पेस १ डाव्या आउटपुटला आणि २ उजव्याला बांधा, ‘असाइन’ने ॲप-आयडीनुसार खिडक्या वाटून द्या, आतली मांडणी टाइलिंगवर सोडा. आउटपुटला डीपी-१ असं नाव दिलं तर केबल दुसऱ्या पोर्टमध्ये गेली की सगळं उलटं होतं. ‘गेट-आउटपुट्स’मध्ये दिसणारी कंपनी, मॉडेल आणि सीरियल यांची पूर्ण ओळ वापरा, ती पोर्टवर अवलंबून नसते.

स्क्रिप्टमधले ते दोन सेकंद काढून टाका. डिस्क थंड असेल तर प्रोग्रॅमला चार सेकंदही लागतात, आणि मग आज्ञा भलत्याच खिडकीवर जाते. स्वेच्या सॉकेटवर ‘विंडो’ घटनांची सदस्यता घ्या आणि ‘न्यू’ आलं की कृती करा. सॉकेटचा पत्ता स्वेसॉक या व्हेरिएबलमध्ये असतो.

दोन_पडदे

नियम दोन्हीकडे लागले, क्यूटी साधनही जागेवर आलं. एक अडचण उरली: टर्मिनलच्या दोन खिडक्या वेगवेगळ्या ठिकाणी हव्यात, पण दोघींचा ॲप-आयडी एकच. ब्राउझरच्या दोन खिडक्यांचंही तेच.

टाइलवाला

टर्मिनलचं सोपं आहे. फूटला चालू करतानाच ॲप-आयडीचा पर्याय देता येतो, अलाक्रिटी आणि किटीला ‘क्लास’चा. ‘टर्म-लॉग’ आणि ‘टर्म-काम’ अशी दोन नावं द्या आणि दोन नियम लिहा.

ब्राउझरच्या सगळ्या खिडक्या एकाच प्रोसेसच्या असल्या की ॲप-आयडी वेगळा करता येत नाही. वेगळं प्रोफाइल आणि वेगळा ॲप-आयडी देता येत असेल तर तो सर्वांत पक्का मार्ग. नाही तर शीर्षकावर जा. पान उघडण्याआधी शीर्षक काहीतरी सर्वसाधारण असतं. स्वेचं ‘असाइन’ खिडकी दिसू लागतानाच एकदा पाहतं, त्यामुळे तिथे उपयोग नाही. ‘फॉर-विंडो’ शीर्षक बदलल्यावरही पुन्हा तपासलं जातं आणि एक नियम एका खिडकीवर एकदाच चालतो, म्हणजे नंतर टॅब बदलला म्हणून खिडकी उडी मारणार नाही. केविनच्या स्क्रिप्टमध्ये हेच हवं असेल तर ‘कॅप्शन-चेंज्ड’ सिग्नल ऐका आणि काम झाल्यावर तो स्वतःच सोडवून टाका.

सीमारेषा

पहिल्या प्रश्नातला ‘एकच प्रोटोकॉल’ हा भाग थोडा आणखी स्पष्ट करायला हवा, कारण शोधताना दोन नावं हमखास समोर येतील.

‘डब्ल्यूएलआर फॉरेन टॉपलेव्हल मॅनेजमेंट’ हा स्वे, लॅबडब्ल्यूसी, वेफायर यांसारख्या कंपोझिटरांत मिळतो. दुसऱ्यांच्या खिडक्यांचं शीर्षक, ॲप-आयडी आणि अवस्था त्यातून कळते. त्यांना पुढे आणणं, मॅक्सिमाइझ, मिनिमाइझ किंवा बंद करणं जमतं. तो टास्कबारसाठी घडवला आहे, त्यात जागा किंवा आकार नाहीच. डब्ल्यूएलआरसीटीएल ही आज्ञा यावरच चालते. ‘एक्स्ट फॉरेन टॉपलेव्हल लिस्ट’ त्याहून मर्यादित: फक्त यादी, आणि प्रत्येक खिडकीचं शीर्षक, ॲप-आयडी आणि एक ओळख. केविन आणि ग्नोम (आणखी एक डेस्कटॉप) यांवर पहिला प्रोटोकॉल मिळेल असं धरून काही लिहू नका.

तिसरं मशीन कधी ग्नोमवर गेलं तर: शेलमध्ये जावास्क्रिप्ट घुसवायची डी-बसवरची ‘इव्हॅल’ ही वाट ग्नोम ४१पासून बंद आहे, ती फक्त असुरक्षित मोडमध्ये उघडते. तिथे एक्स्टेंशनच लिहावं लागतं. मेटा-विंडोचं ‘मूव्ह-रिसाइझ-फ्रेम’ हे त्यातलं कामाचं फंक्शन, आणि मॅक्सिमाइझ आधी काढायचं ही अट तिथेही आहे.

आणि क्यूटी साधनाची खिडकी आकाराबाबत विचित्र वागली तर ते टर्मिनलमधून वेलँड-डीबग हे व्हेरिएबल १ करून चालवा. प्रत्येक विनंती आणि घटना ओळीने छापली जाते. कॉन्फिगर आलं, त्याच सीरियलची पोच गेली आणि त्यानंतर कमिट झालं, हा क्रम शोधा. पहिल्या कॉन्फिगरची पोच द्यायच्या आधीच बफर जोडून कमिट केलं तर ती प्रोटोकॉल-त्रुटी ठरते आणि कंपोझिटर कनेक्शनच तोडतो. क्यूटी हे स्वतः सांभाळतं. पण साधनात कुठे थेट वेलँडचे ऑब्जेक्ट हाताळले असतील तर पहिली तपासणी तिथे करा.