ईसीएचएलचा हेड कोच नेमकं काय काय करतो?

निळी_रेष
उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीत सगळ्यात वर एनएचएल ही लीग, तिच्याखाली एएचएल, तिच्याखाली ईसीएचएल, ही उतरंड माहीत आहे. पण ईसीएचएलमध्ये बऱ्याच हेड कोचच्या नावापुढे 'डायरेक्टर ऑफ हॉकी ऑपरेशन्स' असंही लागलेलं दिसतं. हे जास्तीचं काम कोणतं? आणि वर जायला नुसते सामने जिंकून भागतं का?

चौथा_व्हेटरन
त्या लांबलचक पदाचा अर्थ एवढाच, की संघ जमवायचाही त्यानेच. एएचएलच्या कोचकडे बहुतेक खेळाडू वरचा एनएचएल संघ धाडतो. ईसीएचएलमध्ये असे थोडेच येतात, त्यात गोलकीपर जास्त. बाकीचे कोचने उन्हाळाभर फोन करून मिळवलेले असतात. पगार आठवड्याचा आणि संघाच्या एकूण पगारावरची मर्यादाही आठवड्याचीच, म्हणजे एकाला वाढवून दिलं की दुसऱ्याचं कापावं लागतं. राहण्याची सोय संघ करतो, तेव्हा संसार असलेल्या खेळाडूशी बोलणी बऱ्याचदा पैशांपेक्षा घराच्या खोल्यांवर अडतात.

गोची आहे ती व्हेटरनच्या, म्हणजे मुरलेल्या खेळाडूंच्या नियमात. २६० हून जास्त व्यावसायिक सामने खेळलेले चारच जण सामन्यात उतरवता येतात. गोलकीपर त्यातून वगळलेले. नवा कोच चारही जागा ऑगस्टमध्येच भरून मोकळा होतो. मग डिसेंबरात युरोपातला करार मोडून एखादा पक्का डिफेन्समन परततो, आणि त्याला घ्यायचं तर आधी कुणाला तरी नारळ द्यावा लागतो.

दुसरा_पिरियड
वरच्यात भर. खरी कसोटी शुक्रवारी दुपारी लागते. शुक्र-शनि-रवि असे सलग तीन सामने, आणि एनएचएलमध्ये कुणीतरी जखमी. एएचएलचा सेंटर, म्हणजे मधला फॉरवर्ड, वर जातो, त्याच्या जागी तुमचा पहिला सेंटर. एएचएलचा ट्रायआउट (चाचणीपुरता) करार २५ सामन्यांपर्यंतचा असतो, त्यामुळे तो सोमवारी परतेल की महिन्याने, काही धरून चालता येत नाही.

अशा वेळी सगळ्या लाइन, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या तीन फॉरवर्डच्या तुकड्या, विस्कटायच्या नाहीत. फेसऑफ (खेळ सुरू करताना पकसाठीची झटापट) घेऊ शकणारा विंगर, म्हणजे कडेचा फॉरवर्ड, मध्ये आणायचा, बाकीच्या लाइन जशाच्या तशा. वर गेलेला खेळाडू पॉवर प्लेमध्ये (समोरच्याचा माणूस शिक्षेमुळे बाहेर असताना) बोर्डालगत, म्हणजे रिंकच्या भिंतीलगत, उभा राहून पास वाटत असेल, तर तीच मांडणी दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये. पक (रबरी चकती) ब्लू लाइनपाशी, म्हणजे आक्रमणाच्या भागाच्या सीमारेषेपाशी, ठेवून तिथून साधे शॉट मारावेत. एसपीएचएल या आणखी खालच्या लीगमधून बोलावलेला खेळाडू सामन्याच्या दिवशीच दाखल होतो. म्हणून फोरचेक (समोरच्याच्या भागात पकवर दबाव टाकण्याची मांडणी) फळ्यावर दहा मिनिटांत समजेल असाच हवा. १-२-२ मध्ये पहिला फॉरवर्ड पकवाल्याला एका बाजूला ढकलतो, मागचे दोघं भिंतीलगतचा आणि मधला पास अडवतात, दोन्ही डिफेन्समन मागे. नवख्याला त्या मागच्या दोघांतली एक जागा द्या, चूक झाली तरी पाठीशी माणसं असतात.

रविवारी सकाळचा सराव रद्द. एरवी ४५ सेकंदांची शिफ्ट (बदली होईपर्यंत बर्फावरचा वेळ) त्या दिवशी ३५ वर आणा, दुसऱ्या पिरियडमध्ये तर नक्कीच. तेव्हा बाजू बदललेल्या असतात, स्वतःचा बचावाचा भाग बेंचपासून लांब पडतो, आणि दमलेले पाच जण तिथे अडकले की बदलीला येऊच शकत नाहीत. तिसऱ्या दिवशीचे कितीतरी गोल असेच खाल्ले जातात.

निळी_रेष
आणि वर जाण्याचं?

चौथा_व्हेटरन
ईसीएचएलमधून एनएचएलपर्यंत पोचलेले कोच जेरेड बेडनार यांचा प्रवास बघा. साउथ कॅरोलिना स्टिंगरेज या ईसीएचएल संघात आधी खेळाडू, मग सहायक, मग हेड कोच. २००९ मध्ये केली कप, म्हणजे ईसीएचएलचं विजेतेपद. तरी पुढच्याच हंगामात एएचएलमध्ये सहायकाची खुर्ची घेतली. २०१६ मध्ये लेक एरी मॉन्स्टर्सकडून एएचएलचा कॅल्डर कप, त्याच उन्हाळ्यात एनएचएलच्या कोलोरॅडोचे हेड कोच. तिथला पहिला हंगाम अवघा ४८ गुणांचा. एनएचएलचा स्टॅनली कप २०२२ मध्ये. हेड कोचची पाटी सोडून सहायक व्हायला कमीपणा वाटणारे खालीच राहतात, असं माझं मत.

ट्रॉफीइतकंच वरचे लोक बघतात ते तुमच्या हाताखालून किती जण एएचएलमध्ये टिकले हे. म्हणून वर गेलेल्या पोराच्या शिफ्टचे व्हिडिओ तुकडे आणि त्याच्या उणिवांची टिपणं त्याच रात्री एएचएलच्या कोचकडे पोचायला हवीत. पोराला नाइलाजाने सोडला, असा सूर एकदा जरी लागला तरी पुढचा गोलकीपर पाठवताना तिकडचे लोक दहादा विचार करतात.