मदत हवी आहे: बेरियम झिर्कोनेटची चकती दाट होते, पण बेरियम उडतं

नमस्कार मंडळी. प्रोटॉनवाहक सिरॅमिकवर (म्हणजे ज्यातून हायड्रोजनचे आयन वाहतात अशा सिरॅमिकवर) काम करतोय आणि सध्या भट्टीपुढे हात टेकलेत.

आधी बेरियम सेरेट करत होतो. ते भाजायला सोपं, वाहकताही छान. पण पावसाळ्यात डबीत ठेवलेली चकती गणपतीच्या सुट्टीनंतर उघडली, तर कडांना पांढरी भुकटी! हवेतली बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड खाऊन तिचं बेरियम कार्बोनेट झालेलं. म्हणून २० टक्के यट्रियमवालं झिर्कोनेट घेतलं. टिकाऊ आहे, पण महाहट्टी. काही न मिसळता भाजायचं तर १६००-१७०० अंश लागतात आणि आमची भट्टी १५५० च्या पुढे जात नाही.

सध्या १ टक्का निकेल ऑक्साइड घालून १५०० अंशांना ८ तास ठेवतो. घनता ९३ टक्के येते, पण एक्स-रे विवर्तनाच्या आलेखात यट्रियाचं (सुट्या झालेल्या यट्रियम ऑक्साइडचं) बारीक शिखर डोकावतं, म्हणजे पृष्ठभागावरचं बेरियम गेलंच. चकतीखाली त्याच पावडरीची गादी असते, वरून उपडी मूस. (पहिल्यांदा थेट अॅल्युमिनावर ठेवली होती. अशी चिकटली की कानसीने खरवडावी लागली.)

तुम्ही बेरियम कार्बोनेट सुरुवातीलाच थोडं जास्त घेता, की फक्त गादीत मिसळता? निकेलने वाहकता खाल्ल्यासारखी वाटते. झिंक ऑक्साइड कुणी वापरलंय का? की झिर्कोनियमच्या जागी थोडं सेरियम घालून मधला मार्ग काढू? अशी चकती वाफेत महिनाभर टिकवलेली कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा.