बालवाडीतल्या लहान मुलांमध्ये ख्रिस्ती विश्वास कसा रुजवावा? मदत हवी आहे

नमस्कार सगळ्यांना.

नगरला आमच्या चर्चच्या आवारात बालवाडी आणि तिला जोडून पाळणाघर चालतं. मी तिथे शिकवते. मुलं अडीच ते पाच वर्षांची. साधारण निम्मी ख्रिस्ती घरांतली, बाकीची आसपासच्या वस्तीतली. जूनपासून रोज सकाळी थोडा वेळ देवाच्या गोष्टींसाठी ठेवायचा असं ठरलंय. त्या वेळात नेमकं काय करायचं, यावर मात्र एकमत होत नाहीये.

पास्टोरेट कमिटीला (चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीला) वाटतं, नाताळच्या कार्यक्रमापर्यंत मुलांची प्रभूची प्रार्थना, स्तोत्र २३ आणि दहा आज्ञा तोंडपाठ व्हाव्यात. पाठांतर वाईट नाही, पुढे आयुष्यभर ते उपयोगी पडतं. पण तीन वर्षांचं मूल ‘मला काही उणे पडणार नाही’ हे टीव्हीवरच्या जाहिरातीसारखं घडाघडा म्हणतं, आपण टाळ्या वाजवतो आणि विषय तिथेच संपतो. या वयात मुलाला आधी देव आपला वाटावा, शब्द मागून आले तरी चालतील, असं मला मनापासून वाटतं.

वाचता वाचता इटलीतल्या बायबल-अभ्यासक सोफिया कॅव्हलेट्टी यांच्या कामाची ओळख झाली. १९५४ मध्ये रोममध्ये त्यांनी आणि माँटेसरी पद्धतीत तयार झालेल्या जियाना गोबी यांनी मुलांच्या धर्मशिक्षणाचं हे काम सुरू केलं. तीन ते सहा वयाच्या मुलांपुढे त्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातला उत्तम मेंढपाळ, म्हणजे येशू, ठेवत. लाकडी मेंढरं, गोल मेंढवाडा, एक मेंढपाळ. गोष्ट सावकाश सांगायची आणि मग ‘ही मेंढरं कोण असतील बरं?’ एवढंच विचारून थांबायचं. ‘ती मेंढरं म्हणजे तुम्ही’ हे आपण सांगायचं नाही. ते मुलाला सापडायला कितीही दिवस लागोत.

आमच्या मुलांना मेंढपाळ समजावून सांगावाच लागत नाही. शेतात मेंढरं बसवायला आलेले धनगर त्यांनी पाहिलेले असतात. पुठ्ठ्याची मेंढरं करून गोष्ट सांगितली, तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘येशूकडे घोडा आहे का सामान न्यायला?’ दुसऱ्या एकीने विचारलं, ‘त्याला सगळ्यांची नावं पाठ आहेत? माझं पण?’ या दुसऱ्या प्रश्नासाठी मी पाठांतराचा अख्खा आठवडा सोडून देईन.

येशूच्या दृष्टांतातल्या मोहरीच्या दाण्याचंही असंच झालं. प्रत्येकाच्या बोटावर एकेक दाणा ठेवला. ही तर फोडणीतली मोहरी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण एकच दाणा इतक्या जवळून कुणी पाहिला नव्हता. एरवी क्षणभर न बसणारी मुलं गप्प झाली. मग नारळाच्या करवंट्यांत माती घालून दाणे पेरले. कोंब वर आल्यावर एकाने विचारलं, ‘आत कोण ढकलतंय?’ मी उत्तर दिलं नाही, त्यालाच विचारलं, ‘तुला काय वाटतं?’ प्रार्थनेची सुरुवात इथूनच होते असं मला वाटतं. पण हे कमिटीला दाखवायचं कसं? याची परीक्षा घेता येत नाही, स्टेजवरही उभं करता येत नाही.

आता ज्यावर खरंच अडले आहे ते.

इतर धर्मांच्या घरांतली मुलं. राज्यघटनेच्या कलम २८ (३) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात बसवता येत नाही. आमची बालवाडी खाजगी आहे, तरी प्रत्येक पालकाशी बसून बोलायचं आणि लेखी संमती घ्यायची हे मी ठरवलंय. एक आई म्हणाली, ‘ताई, येशूची गोष्ट खुशाल सांगा. फक्त आमच्या देव्हाऱ्यापुढे हात जोडायला माझा मुलगा नको म्हणेल, असं काही शिकवू नका.’ मी तिला शब्द दिलाय. आईच्या विरोधात उभं करणारा विश्वास इतक्या लहान मुलाला देण्यात मला प्रभूचं प्रेम दिसत नाही. पण सगळ्यांना चालावं म्हणून येशूला ‘खरे बोला, वाटून खा’ एवढ्यापुरता उरवायचा, हेही मला मान्य नाही. ज्यांनी मिश्र वर्गात काम केलंय ते हे कसं सांभाळतात? संमती न देणाऱ्यांच्या मुलांना त्या वेळात दुसरीकडे बसवता का? त्यांना वेगळं काढल्यासारखं वाटू नये म्हणून काय करता?

दुसरं, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), येशूच्या मृत्यूचा दिवस. खिळे, रक्त हे या वयात नको असं माझं मत आहे. येशू मेला आणि पुन्हा उठला, हे एकाच बैठकीत सांगायचं, मधे तीन दिवस मुलांना टांगणीला ठेवायचं नाही. पण वर्गातल्या एका मुलीचे आजोबा नुकतेच गेलेत. ‘मग आजोबा कधी उठणार?’ असं ती विचारणारच. तिला खोटं वाटणार नाही आणि आशाही सुटणार नाही असं काय सांगावं? पाळक, समुपदेशक किंवा अशा प्रसंगातून गेलेले आईवडील, कृपया नक्की लिहा.

आणि गाणी. बहुतेक ठिकाणी इंग्रजी अॅक्शन साँग्जची भाषांतरं चालतात, ती मुलांच्या जिभेवर बसत नाहीत. उपासनेतली भजनं गोड, पण लांब. ना. वा. टिळकांनी भजन-कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजवलं, त्याच वळणाची, ओवीच्या किंवा बडबडगीताच्या चालीवरची दोन-दोन ओळींची गाणी कुणाच्या आजीकडे असतील तर इथे लिहाल का? वसईकडची सामवेदी, वाडवळी बोलीतली असली तरी चालतील.

शेवटची चौकशी: पुठ्ठ्याची मेंढरं फाटली. सावंतवाडीचे लाकडी खेळणी करणारे कारागीर मेंढपाळ, मेंढवाडा आणि दहा मेंढरं असा संच ऑर्डरप्रमाणे करून देतात का? मुलं तोंडात घालतात, त्यामुळे रंग सुरक्षित हवा. साधारण खर्च कळला तर कमिटीपुढे ठेवता येईल.