वजन भरून आले, मांड्या भरल्या नाहीत : वडिलांच्या स्नायूंविषयी मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातील. माझे वडील ७१ वर्षांचे असून तरुणपणी तालमीत घुमलेले आणि पुढे माळ घातलेले शेतकरी आहेत. गेल्या पावसाळ्यात तापाने अंथरूण धरल्यावर त्यांचे वजन ६२ किलोंवरून ५६ वर आले. आता काटा पुन्हा ६२ दाखवतो म्हणून घरचे निश्चिंत आहेत. मला मात्र त्या काट्याचा भरवसा वाटत नाही, कारण पोट सुटले आहे आणि विजार मांडीवर लोंबते. पाटावरून उठताना ते एक हात गुडघ्यावर टेकतात, दुसऱ्याने दाराची चौकट धरतात आणि अर्ध्यावर थांबून मगच उभे राहतात.

आहार म्हणजे सकाळी चहा-चिरमुरे, दुपारी भात-आमटी, रात्री भाकरी-भाजी. माळकरी असल्याने अंडी-मटण नाही. घरात म्हैस आहे, पण दूध डेअरीला जाते आणि घरी चहापुरतेच उरते (हे लिहिताना माझे मलाच विचित्र वाटते). परत आलेले वजन चरबीचे असेल का? रोज फिरायला जाऊनही पायांत बळ का येत नाही? बेळगावात एका जिममधील यंत्राने स्नायूंचे प्रमाण सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरेच दाखवले, तर खरे कोणते मानायचे? मूत्रपिंडांचे काम जोखणाऱ्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन ०.७ आले आहे. मग प्रथिने बिनधास्त वाढवावीत का?

प्रतिसाद

आपली शंका रास्त आहे. स्नायूंमधील प्रथिने सतत मोडत आणि नव्याने बनत असतात. तापात मोडण्याचा वेग वाढतो, पडून राहिल्याने बनण्याचा वेग मंदावतो, आणि पुढे भूक परतली तरी स्नायूंवर ताण पडत नसेल तर आलेल्या वजनातील बराच भाग चरबीचा असू शकतो. उतारवयात तेवढ्याच प्रथिनांना स्नायू तरुणपणीइतका प्रतिसाद देत नाहीत, शिवाय झटक्याने जोर लावणारे तंतू आधी बारीक होतात. म्हणून माणूस सपाटीला मैलभर चालतो, पण पाटावरून उठताना अडतो. फिरणे हृदयाला चांगले, मांडी भरण्यास अपुरे. त्यासाठी खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, आणि ते सोपे झाले की हातात थोडे वजन घेणे, असा वाढता भार हवा. तालमीतल्या बैठकांवर मात्र लगेच जाऊ नये. गुडघे आणि रक्तदाब तपासून फिजिओथेरपिस्टकडून सुरुवात करून घ्यावी.

जिममधील ते यंत्र शरीरातून सौम्य वीज सोडून पाण्याच्या अंदाजावरून हिशेब मांडते, त्यामुळे जेवण, पाणी आणि घाम यांनी आकडा हलतो. त्यापेक्षा खुर्चीवरून हातांची घडी घालून पाच वेळा उठण्यास किती सेकंद लागतात ते पाहा. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार १२ किंवा अधिक सेकंद लागल्यास शारीरिक क्षमता कमी मानतात.

वृद्धांसाठी दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने सुचवली जातात, म्हणजे वडिलांना ६२ ते ७४ ग्रॅम. ती तिन्ही वेळच्या जेवणांत विभागावीत. ५० ग्रॅम हुलग्यांतून सुमारे ११ ग्रॅम आणि म्हशीच्या ४०० मिलीलीटर दुधातून सुमारे १५ ग्रॅम मिळतात. डेअरीचे माप थोडे कमी करा, एवढे मी आग्रहाने सांगेन.

क्रिएटिनिनबाबत मात्र सावध राहा. ते स्नायूंमध्येच तयार होते, त्यामुळे स्नायू घटलेल्या माणसात आकडा कमी येऊन मूत्रपिंडे आहेत त्यापेक्षा चांगली भासू शकतात. प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना सिस्टॅटिन-सी तपासणी (स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली मूत्रपिंडांची रक्ततपासणी) आणि लघवीतील प्रथिनांची तपासणी यांविषयी विचारा.

मूळ लेखक

मनःपूर्वक आभार. खुर्चीची चाचणी घेतली, १९ सेकंद लागले आणि शेवटच्या वेळी हात टेकावाच लागला. सिस्टॅटिन-सी साठी उपाशीपोटी जावे लागते का, आणि अहवाल येईपर्यंत उठण्या-बसण्याचा व्यायाम सुरू करण्यास हरकत आहे का, एवढे कोणी सांगितल्यास बरे होईल.