वसुलीवाले, सिबिल आणि आपण: तुमचे अनुभव

काल दुपारी शेजारच्या ताईंच्या दारात दोघे जण 'साहेब आहेत का' विचारत उभे होते. माझ्या पोटात २०१९ सारखाच गोळा आला. तेव्हा यांची नोकरी गेलेली, कार्डाचे ६२ हजार थकलेले. फोन आधी सासूबाईंना, मग माझ्या ऑफिसात! 'अर्ध्यात मिटवा' म्हणाले, मिटवलं. तीन वर्षांनी घरासाठी कर्ज मागितलं तर सिबिलच्या (आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवणारी कंपनी) रिपोर्टात 'सेटल्ड', 'क्लोज्ड' नाही. म्हणजे बाकी बुडवलेलीच. मग ती भरली, बँकेकडून नो ड्यूज (बाकी नसल्याचं पत्र) घेतलं, नोंद बदलून घेतली. चार महिने हेलपाटे. तुमचंही लिहा.

मिलिंद: जामीनदार! एवढंच लिहितो. मित्राच्या गाडीला सही केली, हप्ते त्याने बुडवले, सिबिल स्कोअर (कर्जफेडीचे गुण) माझा ७८० चा ६१०. तो गावात बुलेट उडवतोय.

रानजाई: त्याच कर्जाची का? 😄

मिलिंद: नाही हो, त्या कर्जाची गाडी दारात सडतेय. ही सासऱ्यांनी दिली.

अण्णा: सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे. मी एकाला एजन्सीचं नाव आणि बँकेचं पत्र मागितलं, वर म्हटलं कॉल रेकॉर्ड होतोय. अरेतुरेवरून थेट 'सर'वर आला.

स्वरा: आमच्याकडे आलेला पोरगा स्वतःच बाईकच्या हप्त्यात अडकलेला. आईने पोहे दिले, तो तासभर आपलीच रडकथा सांगत बसला. हप्ता मागायचा राहूनच गेला 😂

रानजाई: पोहे कांद्याचे की बटाट्याचे?

देवदत्त: माझ्या रिपोर्टात नावसाधर्म्यामुळे भलत्याचंच कर्ज! वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढला म्हणून कळलं. सिबिलच्या साइटवर डिस्प्यूट (चुकीच्या नोंदीची तक्रार) टाकला, तोही फुकट. ३० दिवसांत निकाल नाही लागला तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. माझं २९ व्या दिवशी दुरुस्त केलं मेल्यांनी.

अण्णा: आणि स्कोअर वाढवून देतो म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. माझे ४ हजार गेले.

मिलिंद: अण्णा तुम्हीसुद्धा?

स्वरा: कुकर झाला, येते नंतर. पण शेजारच्या ताईंचं काय झालं?

धागाकर्ती: दार उघडलंच नाही त्यांनी. संध्याकाळी पुरणपोळी घेऊन जाणारे, ८ ते ७ चं तेवढ्यात कानावर घालते.